त्रास, जाच, छळ, जाचहाट: कुठला शब्द कुठे?

ओसरी (धागाकर्ती)

तालुक्याच्या गावी एका समुपदेशन केंद्रात मी बायकांचे तक्रारअर्ज लिहून देते. तिथे रोज कानावर पडणाऱ्या एका शब्दाबद्दल इथल्या मंडळींशी बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे 'त्रास'.

"काय झालं ताई?"
"त्रास देतात."
"कोण?"
"घरचे."
"म्हणजे काय करतात?"
"त्रासच की ओ, अजून काय."

इथे गाडं अडतं. अर्धा-पाऊण तास इकडचं तिकडचं बोलून झालं की मग हळूहळू कळतं. भाकरी मोजून देतात, चौथी मागितली तर सासू टोपली उचलून आत नेते. दवाखान्यातल्या नोकरीचा पगार हिचा, पण एटीएम कार्ड सासऱ्याच्या खिशात. दुसरीही मुलगी झाली म्हणून बारशाला माहेरच्यांना बोलावू दिलं नाही. मोबाइल रात्री नवऱ्याच्या उशाखाली. हे सगळं तिच्या लेखी एका 'त्रास'मध्ये बसतं. आणि त्रास तर डासांचाही होतो, पित्ताचाही होतो, शेजारच्या लाउडस्पीकरचाही होतो. म्हणूनच "त्रास कुणाला नसतो बाई" असं घरातली वडीलधारी म्हणतात आणि विषय तिथेच मिटवतात.

हीच बाई पोलीस ठाण्यात गेली की तिच्या नावावर जे लिहिलं जातं ते असं: "लग्नानंतर सुरुवातीस काही दिवस चांगले नांदविले. त्यानंतर माहेरहून पैसे घेऊन ये या कारणावरून शिवीगाळ, मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक जाचहाट केला." वाचून दाखवल्यावर ती अंगठा उठवते किंवा सही करते. पण तिची टोपली, तिचं कार्ड, तिच्या मुलीचं बारसं त्यात कुठेच नसतं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'विवाहितेचा छळ' असा मथळा येतो. पुढे कोर्टात 'क्रूरता'. एकाच गोष्टीला चार ठिकाणी चार शब्द, आणि तिचा स्वतःचा शब्द सगळ्यांत फिका.

तुमच्या भागात, तुमच्या घरात अशा वागणुकीला काय म्हणतात? जाच आणि छळ यांत तुम्ही फरक करता का? कोशातला अर्थ मी पाहू शकते. मला बोलण्यातला हवा आहे.

---

शब्दवेल

चांगला विषय. व्युत्पत्तीपासून सुरुवात करतो, कारण इथे ती उपयोगी पडते.

संस्कृतात 'त्रास' म्हणजे भीती, थरकाप. 'संत्रस्त' शब्दात तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत येता येता भीती गळून गेली आणि नुसता उपद्रव उरला.

'छळ' हा मुळात 'छल', म्हणजे कपट. हिंदीत तो अजूनही फसवणूकच आहे. न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ काढण्याला छल म्हणतात. 'नवकंबल' म्हणजे नवी कांबळ असलेला, तर प्रतिपक्षाने 'याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत?' असं विचारायचं. मराठीत कपटाकडून यातनेकडे हा प्रवास कसा झाला असेल याचा माग कथांमध्ये लागतो. विश्वामित्राने हरिश्चंद्राला छळलं, कलीने नळाला छळलं. या कथांत कपटही आहे आणि हालही आहेत. ऐकणाऱ्याच्या मनात हाल राहिले, कपट मागे पडलं. 'छळकपट' या जोडशब्दात दोन्ही अजून शेजारी नांदतात.

'जाच' निराळा. दोरी काचते, नवी वहाण जाचते. घासून घासून कातडं सोलवटणं हा त्यातला भाव. 'जाचक अटी' म्हणतो तेव्हाही तेच. म्हणून जाच एका दिवसाचा नसतो. 'काल त्याने माझा जाच केला' असं कुणी म्हणत नाही, तिथे मारलं, हाकललं, शिव्या दिल्या असं म्हणतो. जाच 'असतो', वर्षानुवर्षं. छळ मात्र कुणीतरी 'करतो', जाणूनबुजून.

थोडक्यात, छळात हेतू दिसतो आणि जाचात काळ. तुमच्या त्या ताईंच्या बाबतीत दोन्ही आहेत.

---

पाचोळा

शब्दवेल, छळात नेहमीच हेतू असतो हे पटत नाही. आठवणी छळतात, दाढ छळते, आणि "छळू नकोस रे" हे लाडानेही म्हणतात.

---

शब्दवेल

मुद्दा बरोबर, पण तुमची तिन्ही उदाहरणं क्रियापदाची आहेत. 'आठवणी छळतात' चालतं, 'आठवणींनी माझा छळ केला' म्हणून पाहा, कानाला खटकेल. 'छळणं' मऊ झालंय, 'छळ करणं' अजून जड आहे. अर्ज लिहिताना म्हणूनच 'मला छळतात' आणि 'माझा छळ करतात' यांत फरक पडतो.

---

पंचगंगा

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं 'जाचहाट' हा शब्द पेपरात रोजचा. 'विवाहितेचा जाचहाट, पतीसह सासरच्यांवर गुन्हा' असे मथळे वाचतच मोठे झालो. पण घरात कुणी जाचहाट म्हणत नाही. आजी म्हणायची, "लई जाच काढला पोरीनं." हे 'जाच काढणं' इतर भागांत आहे का? जसा त्रास काढतात, दिवस काढतात, तसा जाच काढायचा. म्हणजे जाच करणारा कोण ते वाक्यात येतच नाही, सोसणारी तेवढी दिसते.

'नांदवणं' या क्रियापदाकडंही बघा. "चांगलं नांदवत नाहीत", "नांदायला धाडली". निम्म्या तक्रारी या एका क्रियापदात मावतात. हे तुमच्या चार शब्दांत पाचवं धरा.

---

मांडवीकाठ

गोव्यातल्या मराठी दैनिकांत 'सतावणूक' असतं. 'विवाहितेची सतावणूक', 'लैंगिक सतावणूक'. पुण्यात शिकायला आले तेव्हा मैत्रिणींना हा शब्द ऐकून सौम्य वाटला, जणू कुणी खोड्या काढतंय. आम्हाला तो तसा वाटत नाही. कोकणीतही तो त्याच जडपणाने येतो.

---

जोंधळा

सासुरवास हा शब्द कुणीच काढला नाही? त्याचा अर्थ नुसता सासरी राहणं. त्यात मारहाण नाही, उपासमार नाही. तरी 'तिला फार सासुरवास झाला' म्हटल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. सासरी राहणं आणि सोसणं या दोन गोष्टी आपल्या भाषेने इतक्या एक मानल्या की राहण्याचा शब्दच सोसण्याचा झाला. 'माहेरवास' असा कुणाला 'झाला' असं कधी ऐकलंय?

हादग्याची, भोंडल्याची गाणी आठवा. सून माहेरी जायला निघते, तर सासू सांगते कारल्याची बी पेर, मग जा. बी पेरली, तर आता वेल येऊ दे. वेल आला, तर फूल लागू दे. मग कारलं लागू दे, मग भाजी कर. सगळं झाल्यावर "मला काय पुसतेस, बरीच दिसतेस, पूस जा आपल्या सासऱ्याला." मग सासरा दिराकडे पाठवणार. या गाण्यात कुणी हात उगारत नाही, कुणी शिवी देत नाही. फक्त परवानगी पुढे ढकलतात. लहानपणी फेर धरून हे आनंदाने म्हणत होतो. आज कायद्याच्या भाषेत बोलायचं तर बाईला माहेरच्यांना भेटू न देणं हा भावनिक छळाचा अगदी नेहमीचा प्रकार आहे, आणि पाटाभोवती फिरणाऱ्या बायकांनी तो टप्प्याटप्प्याने नोंदवून ठेवलाय.

---

पाचोळा

जोंधळा, +१. ही बाजू लक्षातच आली नव्हती.

---

बालाघाट

मी बीडकडचा. घराबाहेरच्या वागणुकीचं सांगतो, अवांतर वाटलं तर दुर्लक्ष करा.

ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसं, पण मोजणी एक. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. हंगामाआधी मुकादम 'उचल' देतो आणि ती फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. एक दिवस कामावर गेलं नाही की 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. बाळंतीण असो, ताप असो, पाळी असो, खाडा तो खाडा. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रमाण एवढं वाढलं की २०१९ मध्ये सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. त्या बायका काय म्हणतात? "पिशवी काढली, आता खाडा होत नाही."

यात छळ नाही, जाच नाही, पिळवणूक नाही. आहेत ते नुसते कामाचे शब्द: कोयता, उचल, खाडा. वाईट वागणुकीला स्वतःचं नावच मिळालं नाही की ती कामाची रीत होऊन बसते. ठाणे-पालघरकडे लग्नासाठी कर्ज काढून मालकाकडे राबणाऱ्याला 'लग्नगडी' म्हणत. ऐकायला किती साधा शब्द, पण ती उघड वेठबिगारी होती, आणि वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्याने बंद झालेली.

---

शब्दवेल

बालाघाट, अवांतर अजिबात नाही. 'वेठ' म्हणजे फुकटची सक्तीची राबणूक, हे आज किती जणांच्या ध्यानात असेल? 'संपामुळे प्रवासी वेठीस' या मथळ्यातून ते कष्ट पुसले गेलेत.

---

निळी पायवाट

शब्दाचं वजन पुसलं जातं हे खरं, पण कधी कधी शब्द चक्क उलटा फिरवला जातो. ते जास्त गंभीर आहे.

ॲट्रॉसिटी म्हणजे अत्याचार. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. आता गावात काय बोलतात ते ऐका: "त्यानं माझ्यावर ॲट्रॉसिटी केली." म्हणजे याने त्याच्यावर अत्याचार केला आणि त्याने तक्रार दिली! अत्याचार करणाऱ्याच्या तोंडी तक्रारच अत्याचार झाली, आणि हे वाक्य उच्चारताना कुणाची जीभ अडखळत नाही. माझ्या वडिलांना पाणवठ्यावर काय ऐकावं लागलं त्याला त्या काळी असा एका शब्दात बसणारा शब्द नव्हता. कायद्याने तो दिला, तर तोच काढून घेतला गेला. बायकांच्या बाबतीत "चारशे अठ्ठ्याण्णव लावली" (सासरच्या छळाचं कलम, ४९८अ) याचंही तेच झालंय. काय केलं ते कुणी विचारत नाही, कलम लावलं याचीच चर्चा.

ओसरीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच कायद्यात सापडेल असं मला वाटतं. त्यात नुसतं 'अत्याचार करू नये' असं लिहून सोडलेलं नाही. अखाद्य वस्तू खायला-प्यायला लावणं हे १९८९ पासून आहे. २०१५ च्या दुरुस्तीने चपलांचा हार घालणं, डोकं भादरणं, मिशी काढायला लावणं, सिंचनाचं पाणी अडवणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हे एकेक करून लिहिलं. हे कुणाच्या कल्पनेतून आलेलं नाही. यातली एकेक ओळ कुणाच्या ना कुणाच्या अंगावरून गेलेली आहे. 'त्रास दिला' म्हटलं तर समोरचा वाद घालतो. 'पाणी अडवलं' म्हटलं तर पाणी अडवलं की नाही एवढंच ठरवायचं राहतं.

---

दर्यावर्दी

निळी पायवाट यांना पूर्ण अनुमोदन. रायगडात 'वाळीत टाकणं' याचंही असंच होतं. गावकी बैठक घेते, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानदार सामान देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, पालखी दारावरून पुढे जाते. विचारायला गेलं तर "आम्ही काय केलं? आम्ही तर बोलतसुद्धा नाही." न बोलणं हाच तर छळ! महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. त्यातही काय काय केलं म्हणजे बहिष्कार ठरतो याची यादी आहे.

---

सडेतोड

सगळं मान्य. पण आज कित्येक घरांत उलट चित्र आहे. सासू-सासरेच कोपऱ्यात बसलेले दिसतात. कलमांचा गैरवापरही होतो. त्यांच्या छळाला कुणी छळ म्हणतं का?

---

ओसरी

सडेतोड, म्हणायलाच हवं. केंद्रात म्हातारी माणसंही येतात आणि ती तर 'त्रास'ही म्हणत नाहीत. "त्रास नाही हो, विचारत नाहीत इतकंच." चष्मा फुटलाय, करून देत नाहीत. रक्तदाबाची गोळी संपून बरेच दिवस झालेत. इथे छळ, जाच कामाचे नाहीत. इथले शब्द 'आबाळ' आणि 'हेळसांड'. त्यातही पाहा, आबाळ 'होते', म्हणजे कुणी केली ते वाक्यात नाही. हेळसांड 'करतात'. मी अर्जात हेळसांड लिहिते. ज्येष्ठांसाठी २००७ चा निर्वाहाचा कायदा आहे, १४५६७ ही हेल्पलाइन आहे. कुणाच्या ओळखीत गरज असेल तर नंबर जरूर द्या.

गैरवापराबद्दल वकील मंडळी सांगू शकतील.

---

काळा कोट

सांगतो. भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ आलं ते १९८३ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात चाप लावला. त्यामुळे 'तक्रार दिली की सगळं घर आत' ही समजूत जुनी झाली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तक्रार फक्त 'प्रौढ पुरुषा'विरुद्ध करता येईल असे शब्द होते, ते २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकले. म्हणजे सासूलाही सुनेविरुद्ध दाद मागता येते.

आता अर्जाचं. ओसरींनी दिलेला तो नांदवल्याचा ठरावीक मजकूर मी शेकड्यांनी वाचलाय. उलटतपासणीत पहिला घाव त्याच्यावरच बसतो. "मानसिक जाचहाट म्हणजे नक्की काय? कोणत्या तारखेला? समोर कोण होतं?" बाई गप्प होते, आणि ती खोटं बोलतेय असा समज होतो. ती खोटं बोलत नसते, तो शब्दच तिचा नसतो.

तारखा बायकांना आठवत नाहीत, सण बरोबर आठवतात. "पोळ्याच्या दिवशी", "नणंदेच्या ओटीभरणाला", "पहिल्या पावसात, सोयाबीन पेरायच्या आधी". तसंच लिहा, पंचांगावरून तारीख काढता येते. आणि एका ओळीत एकच कृती: काय केलं, कुणी केलं, कुठे, कोण पाहत होतं. २००५ च्या या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत. मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोमणे मारणं हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलंय. पगार काढून घेणं आर्थिक छळात येतं. म्हणजे तुमच्या त्या ताईंचं एटीएम कार्ड आणि मुलीचं बारसं ही त्यांच्या अर्जातली पहिली दोन वाक्यं हवीत.

---

आडवाट

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंसं वाटलं.

मी अशा घरात बरीच वर्षं काढली. 'त्रास' हा शब्द फिका आहे म्हणून मी तो वापरत नव्हते. तो परत घेता येतो म्हणून वापरत होते. "माझा छळ करतात" एकदा तोंडातून गेलं की घर मोडतं. मग लोक विचारतात पुढे काय करणार, आणि उत्तर तयार नसतं. "थोडा त्रास आहे" म्हटलं की ऐकणाऱ्याचा चेहरा बघता येतो. कपाळावर आठी पडली तर "नाही, तसं काही नाही" म्हणून चहा ठेवायला उठता येतं. मावशीपाशी, शिक्षिकेपाशी, दवाखान्यातल्या सिस्टरपाशी मी हेच केलं. सिस्टरने विषय बदलला नाही. तिने दार लोटून घेतलं आणि विचारलं, "आज जेवलीस का?" तिथून मी बोलले.

ओसरी, बायकांना 'त्रास म्हणू नका' असं कृपा करून सांगू नका. तो शब्द म्हणजे दाराची कडी वाजवणं आहे.

---

ओसरी

आडवाट, तुमचा प्रतिसाद केंद्रातल्या सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

ठरवलं ते असं: अर्जाची पहिली ओळ बाई बोलेल तशीच, 'त्रास' म्हणाली तर त्रासच. त्याखाली काळा कोट म्हणतात तशा एकेक कृती, सणावाराच्या खुणेसह. जाचहाट, छळ हे शब्द शेवटी, कलमापुरते. आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न "काय त्रास देतात" हा नाही, "आज जेवलात का" हा.

मसुदा इथे टाकते. काळा कोट, नजर घालाल का? आणि खानदेश, विदर्भातल्या मंडळींनी अजून काही लिहिलेलं नाही. तिकडच्या बायका येतात तेव्हा मला त्यांचे शब्द आधी माहीत असायला हवेत.

---

काळा कोट

जरूर टाका. त्यासोबत संरक्षण अधिकारी भरून घेतात तो कौटुंबिक घटना अहवालाचा फॉर्मही जवळ ठेवा, त्यात कृतींची यादी आयतीच आहे. तुमचा अर्ज त्याच क्रमाने गेला तर पुढचं काम सोपं होतं.

---

वऱ्हाडवाट

आमच्याकडे 'तरास' आहेच. पण माय लेकीले विचारते तेव्हा तो शब्द वापरत नाही. ती विचारते, "जीव लागते का वं तुया तेथी?" आणि लेक नुसती "हो" म्हणाली, आणखी काहीच बोलली नाही, तर माय दुसऱ्या दिवशी एसटी धरून तिच्या सासरी जाते.